सहाव्या टाकीचं झाकण

३ फेब्रुवारी

दादा,

तीर्थस्वरूप वगैरे लिहायला घेतलं होतं, पण ते वाचून तू हसला असतास आणि हसताना तू मला दिसला नसतास, म्हणून नुसतं दादा. माझं अक्षर पाहून तू पाकीट खिशात घालशील आणि दुपारी कुठल्यातरी शीतगृहाच्या पायरीवर बसून फोडशील, हेही मला ठाऊक आहे. फोन तू उचलत नाहीस. पण कागद फेकणं तुझ्या जिवावर येतं. सामानाच्या पुड्यांचे कागदसुद्धा सपाट करून गादीखाली ठेवायचास. म्हणून कागदच पाठवतेय. पत्ता वहिनीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी तिला पंधरा मिनिटं बोलूच दिलं नाही, शेवटी सुटका व्हावी म्हणून दिला बिचारीनं.

तर बातमी. बिअर करायचा परवाना आला. खरा, शिक्क्याचा, माझ्या नावाचा. तुझी बहीण आता एका ब्रुअरीची मालकीण आहे. लहान का होईना, पण ब्रुअरी. ते वाक्य पुन्हा वाच, मी लिहून झाल्यावर तीनदा वाचलं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, आणि मला नकटी हे नाव ठेवणारा तूच, तेव्हा विघ्नांची निम्मी जबाबदारी तुझी. आधी गटाराचा नकाशा चुकीचा निघाला. मग आग विझवणाऱ्या खात्याच्या साहेबांना मागचं दार बोटभर अरुंद वाटलं. दार रुंद केलं तर साहेब बदलले, आणि नव्या साहेबांनी विचारलं की एवढं रुंद दार कशाला. ज्यांच्या सहीसाठी सगळं अडलं होतं ते पंधरा दिवस रजेवर गेले ते पायाला प्लास्टर घालूनच परतले. पण सही झाली.

जागा पूर्वी लॉन्ड्रीची होती. फरशीला आधीपासूनच उतार आहे आणि मधोमध पाणी जायला पन्हळ आहे, बघताक्षणी मला तुझी आठवण आली. आपण घरच्या गॅरेजमध्ये बिअर करायचो तेव्हा तू दिवसभर पाणी झाडूनं लोटायचास आणि ते परत तुझ्याच पायाशी यायचं. इथे नुसतं ओतायचं, आपलं आपण निघून जातं. सहा टाक्या आहेत. उभ्या, चकचकीत, ओळीनं. समोर उभं राहिलं की त्यांत माझं नाक आणखीच बसकं दिसतं. आपण डेअरीवाल्याकडून जुनी दुधाची टाकी आणली होती, तिचं झाकण बंद व्हायला वर तू बसायचास, तिच्यापुढे ह्या म्हणजे राजकन्या आहेत.

एका कोपऱ्यात काचेच्या आड माझं ऑफिस आहे. टेबल, फोन, फायली. भिंतीवर खिळा ठोकून आईची मोठी पळी टांगली आहे, जिनं आपण पहिल्या टाकीतली पहिली चव घेतली होती. कुणी पाहुणा आला की मी सांगते, इथून सुरुवात झाली. लोकांना आवडतं.

आता एकच गोष्ट, एकदाच लिहिते आणि संपवते. ते नळीचं. चव-मेळाव्याच्या आदल्या दिवशी अख्खी टाकी आंबट निघाली, मी सगळ्यांदेखत म्हणाले की दादानं नळी नीट धुतली नाही, बाबा तुला बोलले, आणि महिन्याभरात तू शीतगृहांची मशिनं दुरुस्त करायची नोकरी धरून निघून गेलास. तीन वर्षं झाली, दादा. मी ते केव्हाच सोडून दिलंय. माणसाच्या हातून एखादं काम राहून जातं. बाबा अजून कधीमधी विषय काढतात, पण मी तो बदलते. तेव्हा तूही मनात ठेवू नकोस.

तुझी
नकटी

१७ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही आलं, पण वहिनी म्हणाली की पत्र तू दोनदा वाचलंस आणि लॉन्ड्रीच्या फरशीचा भाग तिला वाचून दाखवलास. एवढं मला सहा महिने पुरेल.

आज बाईंबद्दल. माल आणणं, माणसं नेमणं, कागद भरणं आणि बिअर करणं, चारही एका माणसाला जमेना, म्हणून मी ब्रुअर नेमली. एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेली बाई आहे. ठेंगणी, पांढरे केस टोपीत कोंबलेले, खिशाला पेन लावावं तसा थर्मामीटर लावलेला. सगळे त्यांना बाई म्हणतात, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छातीच होत नाही. मी वास घेऊन सांगते, त्या मोजून सांगतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमचं काम कुठं?"

"सगळीकडेच," मी म्हणाले.

"नाही. काचेच्या अलीकडे."

आणि फरशीवर पिवळी पट्टी मारून घेतली. पट्टीच्या पलीकडे बूट बदलल्याशिवाय, हात धुतल्याशिवाय आणि वहीत नोंद केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, मालक असो की मालकाचे वडील. मालकाचे वडील दुसऱ्याच दिवशी चपला घालून टाक्या बघायला निघाले. बाईंनी नुसतं त्यांच्या पायांकडे पाहिलं. आपले बाबा, ज्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही, ते मागच्या पावली परतले आणि तेव्हापासून पट्टीच्या अलीकडे स्टुलावर बसून बाटल्यांना लेबलं चिकटवतात. फार सुबक चिकटवतात. एकही वाकडं नाही.

लेबलावर बसक्या नाकाची एक बाई आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत 'नकटी'. हो, बिअरचं नाव तेच ठेवलं. तुझं दिलेलं नाव, तुझी परवानगी न घेता. खटला भरायचा तर भर, तेवढ्या निमित्तानं तोंड तरी दिसेल.

मालकीणबाई म्हणून माझा पराक्रमही ऐक. बाटल्यांच्या बुचांची पहिली ऑर्डर मी स्वतः दिली. गाडीभर खोकी आली. उघडली तर आतलं प्रत्येक बूच बशीएवढं, लोणच्याच्या बरण्यांना बसावं असं. मापाच्या रकान्यात मी खोक्याचं माप लिहिलं होतं. बुचं परत पाठवायला फोनवर एक अख्खी सकाळ गेली, आणि गंमत सांगू, ती सकाळ मजेत गेली. पलीकडचा माणूस आधी ओरडत होता, शेवटी तो मला त्याच्या मुलीच्या परीक्षेचं सांगत होता. मला हे जमतंय, दादा. माणसांशी बोलणं, पटवणं, गाडी वेळेवर आणणं. मला वाटलं होतं टेबलावर माझा जीव गुदमरेल. तसा नाही गुदमरत.

फक्त हात. हात दिवसभर कोरडे असतात. नखांत जवाचा कोंडा नाही. बाई जवाचं माल्ट गरम पाण्यात भिजवतात तेव्हा तो भाजक्या कणसासारखा वास काचेच्या फटीतून येतो आणि मी फाईल उलटी धरून बसलेली असते. आपला हात जगन्नाथ म्हणत वाढलेली माणसं आपण. दुसऱ्याच्या हातावर विसंबायचं म्हणजे काय ते मला कुणी शिकवलंच नाही. तुझ्यावर विसंबले होते तेवढंच.

सगळ्यात मोठी बातमी शेवटी. अकरा हॉटेलांचा एक मालक आहे, आम्ही त्यांना अकरावालेच म्हणतो. त्यांना एका लहान ब्रुअरीची बिअर अकराही ठिकाणी ठेवायची आहे. अठरा मार्चला चव घ्यायला येणार. त्यांच्यासाठी सहाव्या टाकीत 'नकटी' लावली आहे. कृती माझी, हात बाईंचे. काल यीस्ट घातलं. आज टाकीच्या नळीचं टोक बादलीतल्या पाण्यात गुडगुडायला लागलं आणि मी काचेला नाक लावून उभी होते.

नकटी

२६ फेब्रुवारी

दादा,

आज घाईत. लेबलांचा दुसरा गठ्ठा आला, थंड खोलीचं दार बसलं, आणि एका दुकानदारानं चव न घेताच दोन खोकी सांगून ठेवली, म्हणे चित्रातली बाई त्याच्या सासूसारखी दिसते. कामाला दोघीजणी आणखी लागल्या. पाच माणसं माझ्या नावानं हजेरी लावतात. मी आपली सगळ्यांना नमस्कार करत सुटते, तर बाई म्हणाल्या, "एवढं हसू नका हो, सुट्टी मागतील."

सहावी टाकी झकास चालली आहे. बाई आकडे सांगतात, तापमान एवढं, गोडी एवढी उतरली, आणि मी मान हलवते. पण आकड्यांना वास नसतो ना रे. परवा बाई जेवायला गेल्या होत्या, तेव्हा मी शिडी लावून जरा वर गेले. झाकण अगदी थोडं उघडलं, नाक जाईल एवढंच. यीस्टचा तो वायू नाकात गेला आणि झिणझिण्या आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मागून तो वास. पिकल्या पेरूचा आणि ओल्या पावाचा. आपल्या गॅरेजचा. मी तिथेच शिडीवर हसत बसले. काल पुन्हा एकदा गेले. नुसतं नाक. ह्यात नोंद करण्यासारखं काय आहे, म्हणून वहीत लिहिलं नाही. बाईंना उगाच ताप.

बाबा बरे आहेत. भिंतीवरची पळी काल पुसून परत टांगली, धूळ फार बसते तिच्यावर.

नकटी

१२ मार्च

दादा,

सहावी टाकी आंबली.

सकाळी बाईंनी खालच्या नळातून पेलाभर काढली, एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. मग पेला मला दिला. मला घोट घ्यायची गरज पडली नाही. आंबट ताकाचा वास, आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी कुबट. तू ओळखला असतास. आपण दोघांनी तो एकदा घेतलाय.

बाई आरडाओरडा करत नाहीत. त्यांनी काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, मला पाहायला लावला. आखूड काड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं. "हे बाहेरून आलंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एकेक जोड उघडला. पंप, नळ्या, व्हॉल्व्ह. बाकीच्या पाच टाक्या तपासल्या, पाचही स्वच्छ. वहीचं पान न् पान वाचलं. पाच वाजता टोपी काढून माझ्या टेबलासमोर बसल्या. टोपीशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"पंपाच्या जोडातलं रबर मी त्या आठवड्यात बदललं होतं," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीच सापडत नाही. तेच असणार. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. वय झालं असेल. तुम्ही दुसरं माणूस बघा, तोवर मी आहे."

मी नुसतं "बघू" म्हणाले. बाबा स्टुलावरून म्हणाले, "रबरच असेल. मागं नळी, आता रबर. दुसऱ्याच्या हाताला काळजी नसते." बाईंनी ते ऐकलं आणि मान खाली घातली.

अकरावाले सहा दिवसांनी येणार. कशानं झालं कळत नाही, दादा.

नकटी

१३ मार्च, सकाळ

दादा,

कालच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. ते काल पेटीत टाकलं आणि घरी जाऊन जेवले, आणि आज उठल्यापासून तेच वाक्य डोक्यात फिरतंय. हे पत्र त्याच्या मागोमाग येईल. दोन्ही एकाच दिवशी मिळाली तर आधी हे वाच.

मला कळतं कशानं झालं. नुसतं नाक नव्हतं. पहिल्या दिवशी नाक होतं. दुसऱ्या दिवशी वास घेऊन भागेना, म्हणून मी ऑफिसात गेले, भिंतीवरची आईची पळी काढली, रुमालानं पुसली आणि टाकीत घातली. चव घेतली. पुन्हा घातली. फार छान लागत होती. मग पळी पुसून टांगून ठेवली आणि टेबलावर जाऊन सासूवाल्या दुकानदाराला फोन केला.

आणि दादा, गॅरेजमध्येही तेच. तू पंपाचं सामान आणायला जायचास तेव्हा मी झाकण उघडायचे. दिवसातून दोनदा, तीनदा. स्वयंपाकघरातून तीच पळी आणायचे, कधी धुतलेली, कधी न धुतलेली. तू मला हजारदा सांगितलं होतंस की झाकणाला हात लावू नकोस, म्हणून तुला सांगितलं नाही. टाकी आंबट निघाली तेव्हा मला त्याच क्षणी कळलं. बाबा विचारत होते, मेळाव्याची माणसं दारात उभी होती, आणि माझ्या तोंडून नळी निघाली. का नळी, मला माहीत नाही. समोर पडली होती म्हणून. तू म्हणालास, "मी धुतली होती." एकदाच म्हणालास. मी म्हणाले, "मग आंबली कशी?" तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मला वाटतं तेव्हा तुला सगळं समजलं, आणि तू पुढे काही बोलला नाहीस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच, आणि माझी बोंब तीन वर्षं चालू आहे. पहिल्या पत्रात तर मी तुला उदार मनानं माफ केलं होतं. ते पत्र तू दोनदा वाचलंस, हे आठवलं की मला टेबलाखाली बसावंसं वाटतं.

तुझ्यावेळी मी गप्प बसले कारण मला खात्री होती की तू कुठं जाणार नाहीस. भाऊच आहे, चार दिवस रुसेल. काल बाई टोपी हातात घेऊन बसल्या तेव्हा मला समोर तू दिसलास. न केलेल्या चुकीबद्दल मान खाली घातलेलं माणूस मी दुसऱ्यांदा घराबाहेर काढत होते.

आता ब्रुअरीत जाऊन सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, कारण हे लिहून झाल्यावर मला माघार घेता येणार नाही.

१३ मार्च, दुपार

ते पाकीट बंद करायच्या आत हेही.

बाईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील, नाहीतर जाऊ द्या म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. वही उघडली, फेब्रुवारीचं पान काढलं आणि पेन हातात घेतलं.

"तारीख?"

"चोवीस आणि पंचवीस."

"वेळ?"

"तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा."

"आत काय घातलं?"

"पळी."

"उकळली होती?"

"पुसली होती."

"कशानं?"

"रुमालानं."

"खिशातल्या?"

"खिशातल्या."

बाईंनी डोळे मिटले. मग सगळं लिहून काढलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. मालकीण झाल्यापासून शंभर सह्या केल्या असतील, पण ही करताना हात ओला झाला होता. वही मिटून त्या म्हणाल्या, "काल मी घरी जाऊन बावीस वर्षांची उजळणी केली, कुठं कुठं चुकले असेन म्हणून. झोप लागली नाही. एवढं लक्षात ठेवा." मग टोपी घातली आणि विचारलं, "टाकी रिकामी कधी करायची?"

"तुम्ही थांबणार?"

"मी जाणार होते ते माझी चूक म्हणून. तुमच्या चुकीसाठी मी का जाऊ?"

नंतर बाबा. ते लेबलं चिकटवत होते. मी समोर खोक्यावर बसून सगळं सांगितलं, आजचं आणि गॅरेजमधलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे तो खरं बोलत होता."

"हो."

"मी त्याला म्हणालो होतो, साधी नळी धुता येत नाही, तुझ्याच्यानं काय होणार."

"तुम्ही माझं ऐकून म्हणालात, बाबा."

"म्हणालो तर मीच ना," ते म्हणाले आणि पुढची बाटली घेतली. त्यानंतरची सगळी लेबलं वाकडी आहेत. मी ती तशीच राहू दिली आहेत.

मला माफ कर असं लिहिलं तर तू करशील, म्हणून लिहीत नाही. तुला हवं तेव्हा, हवं तर. तू नळी धुतली होतीस. चार वेळा धुतली होतीस, मी मोजलं होतं.

तुझी बहीण

९ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनी चार शब्द: "झाकणाला कुलूप लाव, नकटे." मी ते बाईंना दाखवलं. बाई चष्मा लावून दोनदा वाचून म्हणाल्या, "हा माणूस कामाचा दिसतो." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी तरी ऐकलेली नाही. वहिनी म्हणाली की माझं पत्र आलं त्या दिवशी तू डबा घरीच विसरून गेलास आणि कार्ड लिहायला तुला नऊ दिवस लागले. शब्दाला दोन दिवसांहून जास्त पडले. पण 'नकटे' लिहिलंस. मी हजर आहे, दादा.

आता ऐक, कारण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहावी टाकी आम्ही तेराला संध्याकाळीच रिकामी केली. उतारावरून सगळी 'नकटी' पन्हळीतून निघून गेली आणि मी पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभी राहून पाहिली. तीन वेळा टाकी धुतली, वाफ दिली, आणि पंधराला बाईंनी नवी लावली. अठराला अकरावाले आले. मी त्यांना दारातच सांगितलं की तुमच्यासाठी लावलेली टाकी माझ्या हातून आंबली, दुसरी लावली आहे, तीन आठवडे लागतील. "आंबली तर तुम्ही नवी चव म्हणून का नाही दिलीत? दोघांनी दिली मला आत्तापर्यंत," ते म्हणाले. बाई मागून म्हणाल्या, "कारण ती नवी चव नव्हती, आंबलेली बिअर होती." ते हसले आणि तीन आठवड्यांनी येतो म्हणाले. मला वाटलं, गेले.

काल आले. बाईंनी पेले भरले. मी भरले नाहीत, मी काचेच्या अलीकडे हात मागे बांधून उभी होते, कारण ते बांधले नसते तर काय केलं असतं सांगता येत नाही. त्यांनी आधी वास घेतला. दादा, त्यांनी वास घेताना डोळे मिटले. मग प्यायले, मग पेला रिकामा केला, मग न बोलता पुढे केला. अकराही ठिकाणी. पुढच्या महिन्यापासून. बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले. मी बाईंना मिठी मारायला धावले आणि पट्टीपाशी थांबले, बूट बदलायचे होते. बाईंनीच एक पाय अलीकडे टाकला.

त्या बिअरला मी हात लावला नव्हता. कृती सोडली तर काही माझं नाही. आणि तिचा घोट घेतला तेव्हा ती मला माझ्या हातच्या कुठल्याही बिअरपेक्षा जास्त माझी वाटली. हे कसं, ते तुला समजेल. मशीन तू दुरुस्त करतोस आणि फळं दुसऱ्याची गार राहतात.

आईची पळी घरी स्वयंपाकघरात परत गेली आहे. खिळा रिकामा आहे. त्यावर बाईंनी वहीतलं ते माझ्या सहीचं पान उतरवून टांगायला लावलं. पाहुण्यांना आता ते दाखवते. लोकांना पळीपेक्षा जास्त आवडतं.

आणि कुलूप लागलं. सहाही झाकणांच्या कडीला एकेक, सगळ्यांना चालणारी किल्ली एकच. दुकानदारानं दोन दिल्या. एक बाईंच्या गळ्यात आहे. दुसरी कुणाकडे, असं त्यांनी विचारलं, मी हात पुढे केला, तर त्या किल्ली धरूनच उभ्या राहिल्या. जित्याची खोड आहे हो तुमची, म्हणाल्या. खरं आहे. म्हणून मी एक नाव सांगितलं आणि त्या लगेच हो म्हणाल्या.

पाकिटात हाताला कठीण लागेल ती हीच. बाई मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आठ दिवस रजेवर जाणार आहेत आणि स्वतःची किल्ली घरी कपाटात ठेवून जाणार आहेत. त्या दिवसांत दोन टाक्या धुवायच्या आहेत. झाकणं उघडायला माझ्याकडे काही नाही. हे मी मुद्दाम जुळवून आणलं असं वहिनी म्हणेल. म्हणू दे. थंड खोलीचं मशीनही हल्ली सकाळी कुरकुरतं, ते मात्र मी जुळवलेलं नाही.

किल्ली ज्या कागदात गुंडाळली आहे तो फेकू नकोस. तू फेकणार नाहीसच. तो बाबांचा आहे. चार दिवस स्टुलावर बसून लिहीत होते, लेबलं तशीच पडून होती. घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, असाच पाठव. तो न उलगडता मी तसाच किल्लीभोवती गुंडाळला आहे. घडी त्यांनी घातली तशीच आहे, दादा. मी उघडलेली नाही.

नकटी